शिवेवरचा नारळ आणि मेजरचा भराव

बबन,

तुझ्या दशक्रियेला तू असायला हवा होतास. मीना नदीच्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांचं प्रवचन लांबलं, मग माईक पुढाऱ्यांच्या हातात गेला, आणि ज्यांनी तुला उभ्या जन्मात कधी चहा पाजला नाही त्यांनी तुझ्या आठवणी सांगितल्या. एकाने तर तुला अशा लढाईत उतरवलं, जी आपण दोघं शाळेत एका बाकावर बसत होतो तेव्हाच संपली होती. मी पायरीवर बसून ऐकत होतो आणि शेजारी बघून डोळा मारायला जात होतो. शेजारी तू नव्हतास.

मग गुलाबतात्या उठले. तुमच्या टेकाडमळ्यातला तो पंचाहत्तरीचा म्हातारा, ज्याच्याशी तू आयुष्यभर भांडलास आणि ज्याच्या घरचा पहिला हुरडा दरवर्षी तुझ्याकडे यायचा. माईक हातात धरून तात्या आधी नुसतेच रडले. नंतर म्हणाले, मेजरसारखा नेमबाज तालुक्यात झाला नाही, धोंड्यावरचा नारळ पहिल्या गोळीत फोडणारा तो एकच. आणि पुढे बोलून गेले, "म्हणून मेजरच्या मानाला यंदाचा दसऱ्याचा नारळ पुन्हा धोंड्यावर ठेवायचा. समद्या पाव्हण्यांनी यावं." लोकांनी डोळे पुसले. कुणीतरी तुझ्या नावाने अमर रहे म्हटलं.

कावळा त्याआधीच शिवला होता म्हणून बरं. हे ऐकल्यावर तो पिंडाकडे फिरकलाच नसता.

मला तिथल्या तिथे उठून ओरडावंसं वाटलं. पण मी पडलो नारायणगावचा बारदानवाला. रिकाम्या गोण्या विकत घ्यायच्या, शिवायच्या, विकायच्या. आमचे आजोबा मारवाडातून आले तेव्हापासून हेच. तुमच्या गावच्या मानापानात बोलायला मला तोंड कुठलं. पण मला जो राग आला, तो तू गेल्याच्या दुःखापेक्षा मोठा होता. दहा वर्षं या माणसाने एका नारळासाठी काय काय सोसलं, आणि त्याच्याच नावाने तो नारळ परत त्या दगडावर? हे लिहायला बसलोय ते तो राग आणि त्यानंतर जे झालं ते तुला सांगायला. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

तो धोंडा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तू सुट्टीवर आला होतास आणि मला हट्टाने दसऱ्याला घेऊन गेला होतास. शिवेवरचा काळा कातळ, कमरेएवढा, शेंदूर फासलेला. सोनं लुटायच्या आधी त्याच्या माथ्यावर मानाचा नारळ ठेवायचा आणि गावातल्या चांगल्या नेमाच्या माणसाने तो बंदुकीने फोडायचा. बंदूक गुलाबतात्यांच्या घरची, ठासणीची, रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याने घेतलेली. गाव दोन्ही अंगांना धोंड्यापासून हाकेच्या अंतरावर उभं, पोरं बापांच्या खांद्यावर, म्हादूची हलगी कडाडतेय. नारळ फुटायचा आणि गोळी मागच्या दगडावर आपटून चुंईं करत कुठेतरी निघून जायची. त्या आवाजावर खरी टाळी पडायची. "गोळी देवाला गेली," म्हणायचे. आवाज जितका लांब, तितकं वर्ष चांगलं.

त्या वर्षी बंदूक तुझ्या हातात दिली. तू फौजेतला, तरणाबांड, मिशी नुकतीच वळणावर आलेली. नारळाचे चार तुकडे झाले. लोकांनी तुला उचललं. मीही उचलायला आलो होतो, पण तुझ्या वजनाचा विचार करून टाळ्यांवर भागवलं. आणि मग लक्षात आलं की हलगी वाजत नाहीये. म्हादू आपल्या हलगीकडे बघत उभा होता. कातड्याला बोराएवढं भोक. दगडावर फुटलेल्या गोळीचा तुकडा त्यातून आरपार गेला होता. म्हादूला ओरखडासुद्धा नव्हता. गाव खदाखदा हसलं. देवाने हलगीत प्रसाद टाकला म्हणाले, आणि म्हादूला नव्या कातड्यासाठी वर्गणी जमली.

सगळे हसत होते आणि तू एकटा म्हादूजवळ गेलास. त्याला म्हणालास, मघाशी धरली होती तशी हलगी धर. त्याने धरली. तू वाकून त्या भोकातून बघितलंस. भोक जिथे होतं, तिथे मागे म्हादूची बरगडी संपते आणि पोट सुरू होतं. वाजवताना हलगी जरा पुढे झुकलेली, म्हणून तुकडा तिरपा निघून गेला होता. तू सरळ उभा राहिलास आणि तडक घरी आलास. पुरणपोळी अर्धी टाकलीस, आणि तू पुरणपोळी टाकणं ही काय चीज आहे हे सुमनवहिनींना आणि मलाच माहीत.

पुढे तू हवालदार झालास, नेमबाजीचा उस्ताद झालास, जवानांना चांदमारीवर शिकवायला लागलास. पत्रात गोळीबाराबद्दल कधी लिहीत नव्हतास. नव्वदच्या दशकाच्या मध्यात पेन्शन घेऊन आलास तेव्हा गावाने तुला मेजर केलं, आपल्याकडे फौजेतून परत येणारा प्रत्येक जण मेजरच असतो. दसरा आला. गाव म्हणालं, आता नारळ मेजरचा. तू म्हणालास, दगडावर ठेवलेल्या नारळाला मी बंदूक लावणार नाही.

पारावर केवढा गोंधळ झाला होता. मी तुला शर्टाला धरून मागे ओढत होतो. तू शांतपणे समजावत होतास की शिसं कठीण दगडावर आपटलं की फुटतं, आणि तुकडे मागे कमी आणि बाजूंना जास्त उडतात, दगडाच्या अंगाने पसरतात. म्हणजे जिथे आपण पोरांना खांद्यावर घेऊन उभे राहतो, नेमके तिथे. गोल दगड असला तर अखंड गोळी कुठे वळेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पाण्यावरूनसुद्धा गोळी उसळते. फौजेत याला रिकोशे म्हणतात आणि त्याच्या भीतीने चांदमारीतले खडे वेचून काढतात. लोकांनी सगळं ऐकून घेतलं आणि गुलाबतात्या म्हणाले, इतकी वर्षं देवाने कुणाला काही केलं नाही. मग जरा थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मेजर भ्यालं की काय?"

मला वाटलं आता तू तात्यांची गचांडी धरतोस.

"व्हय," तू म्हणालास. "भ्यालो."

बबन, तुझ्या छातीवर बिल्ले होते. ते काय काय होते हे तू मला कधी नीट सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. पण त्या दिवशी पारावर, सगळ्या गावासमोर, ज्या आवाजात तू ते दोन शब्द बोललास, तो आवाज ऐकून मला जो अभिमान वाटला तो आजपर्यंत उतरलेला नाही. फौजेतून आलेल्या माणसाने भ्यालो म्हणायचं, तेही मिशीला हात न लावता. मला तर गिऱ्हाइकाने गोणीचा टाका उसवला म्हटलं तरी दिवसभर जेवण जात नाही.

त्या वर्षी दुसऱ्या कुणीतरी नारळ फोडला. तुला वर्षभर "भ्यालेलं मेजर" म्हणून चिडवलं. तू ऐकून घेतलंस. मात्र इकडे नारायणगावच्या यात्रेत तुझा ताल वेगळाच. आठवतं ना, फुगे फोडायच्या छऱ्याच्या बंदुकीचा तो स्टॉल? फुगेवाल्याने फुग्यांच्या मागे पत्रा ठोकला होता. छरे पत्र्यावर आपटून बघणाऱ्यांच्या नडग्यांना लागत होते आणि लोक माश्या चावल्यासारखे पाय झटकत पुढच्या फुग्यासाठी ओरडत होते. तू फुगेवाल्याच्या समोर जाऊन उभा राहिलास आणि बाजूला व्हायलाच तयार नाही. तो बिचारा हिंदीत, आप खेलेंगे या जायेंगे, आणि तू म्हणतोस, थांब, माझा शेठ गोण्या आणतोय. मी कशाला आणू? तर म्हणालास, पत्र्यापुढे गोणपाट सैल लोंबतं सोडलं की छरा त्यात दमतो आणि खाली पडतो, ताणून बांधलं तर उपयोग नाही. मी भर यात्रेत दुकान उघडून गोण्या काढल्या. फुगेवाला पुढच्या वर्षी आला तेव्हा स्वतःहून दुकानावर येऊन गोणपाट मागून गेला. जाताना तुझी चौकशी केली, "वो मिलिट्रीवाले पागल साब कहाँ हैं?" मी पत्ता सांगितला.

त्यातूनच तुला गोण्यांची ती कल्पना सुचली असणार. दसऱ्याच्या आधी तू दुकानात आलास आणि फाटक्या गोण्यांचा ढीग मागितलास. मी म्हटलं कशाला, तर म्हणालास, गाव उभं करायचंय.

आणि खरंच उभं केलंस. भर दुपारी, शिवेवर चिटपाखरू नसताना. ठाण्यात कळवून ठेवलं होतंस, कातळाच्या मागचं माळरान फिरून गुराखी नाही ना बघितलंस, दोन्ही वाटांवर माणसं बसवलीस. गुलाबतात्यांची बंदूक त्यांच्याकडूनच मागून आणली होतीस, आणि तात्यांनीही दिली, कारण तुझी फजिती बघायला तेही आले होते. धोंड्याच्या दोन्ही बाजूंना काठ्या रोवून तू गोण्या टांगल्यास, दसऱ्याला जो जिथे उभा राहतो तिथे. ही पाटलांची, ही शाळेच्या गुरुजींची, ही तात्यांची, ही म्हादूची. एक कडेची गोणी बघून मी विचारलं ही कुणाची, तर म्हणालास, "तुझी. दरसाली हितंच उभा ऱ्हाऊन शेंगा खातोस." आम्हाला सगळ्यांना बांधाच्या चरात आडवं झोपवलंस. मी पांढऱ्या झब्ब्यात चरात आडवा, बबन, पोटाखाली चिखल. तुकडा डोळ्यात जाऊ नये म्हणून कारखान्यात घालतात तसला पांढरा चष्मा चढवून तू बांधाआडून नेम धरलास. नारळ एकदा फुटला, मग दुसरा, मग तिसरा. गोळी दरवेळी चुंईं करत गेली, आणि शपथेवर सांगतो, तो आवाज मला तेव्हाही आवडला.

मग आम्ही उठून गोण्या बघायला गेलो. पाटलांची कोरी. गुरुजींची कोरी. तात्यांच्या गोणीला खाली, मांडीच्या उंचीला भोक. म्हादूच्या गोणीला पुन्हा पोटाजवळ. आणि माझ्या गोणीला भोक होतं ते बरोबर माझ्या उंचीवर, डोळ्याशी. माझ्या पाठीवर हात ठेवलास आणि तसाच ठेवून दिलास.

संध्याकाळी त्या गोण्या तू पारावर टांगल्यास, भाषण नाही की काही नाही. लोक येऊन आपापली गोणी शोधू लागले. काही हसले. तात्या म्हणाले, योगायोग. तेवढ्यात म्हादूची आई काठी टेकत आली. तिने लेकाची गोणी विचारून घेतली आणि त्या भोकात बोट घातलं. बोट आरपार गेलं. ते तसंच ठेवून ती वळली आणि म्हणाली, "माझं बोट जातंय ह्यातनं. नारळ दुसरीकडं ठेवा." म्हातारीच्या पुढे कुणाचं काही चाललं नाही.

गाव तयार झालं तरी लोकांना वाटत होतं की मान गेला. धोंडा देवाचा, आणि हा मातीचा ढिगारा कुणाचा? इथे तुझं खरं डोकं दिसलं, आणि हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हणालो नाही म्हणून आता म्हणतो. भराव तू एकट्याने घातला नाहीस. तू म्हणालास, दर घरातून एक घमेलं माती यायची, चाळलेली, एक खडा नको. दरवर्षी दसऱ्याच्या सकाळी बायांनी घरापुढे चाळण लावायची, माती चाळायची, वाजतगाजत न्यायची आणि भरावावर ओतायची. धोंड्याचा मान एका बंदुकीचा होता, भरावाचा मान घराघरांत गेला. पहिल्या वर्षी निम्म्या घरांतून आली. मग सगळ्या घरांतून. मग अमकीच्या मातीत खडा निघाला यावरून भांडणं सुरू झाली, तेव्हा मी ओळखलं की आता ही रीत पक्की झाली. धोंड्याला नुसता शेंदूर आणि हार राहिला. नारळ भरावापुढे दोरीला टांगला जाऊ लागला, आणि गाव सगळंच्या सगळं बंदूकवाल्याच्या मागे, म्हादूसकट.

नारळ फुटला की तू तो पांढरा चष्मा न काढताच कुदळ घेऊन पुढे जायचास आणि भरावातून गोळी उकरून काढायचास. लोक सोनं वाटायला उतावीळ, आणि तुझं उकरणं संपेना. मी ओरडायचो, अरे सोड ती. तू सोडायचा नाहीस. सापडली की वर धरून सगळ्यांना दाखवायचास आणि घरी नेऊन वहिनींच्या हातावर ठेवायचास. म्हणायचास, "सोडली ती कुठं गेली, हे दावता आलं पायजे. गोळी घरी आली की मग नेम पुरा."

यावरून आपलं भांडण होतं ते तसंच राहिलं. माझं म्हणणं, तुझ्या मातीने सगळी मजा घालवली. कुठे ते चुंईं आणि कुठे हे धप्प. ओल्या गादीवर कुणी बसल्यासारखं. तू म्हणायचास, धप्पसारखा आवाज नाही, त्या आवाजानंतर घरी जाऊन निवांत झोप येते. मी म्हणायचो, तुला काय, तुला तर भाषण चालू असतानाही येते. दुसरं भांडण घमेल्याचं. गोण्या माझ्या, भोक माझ्या डोळ्यात, आणि घमेलं मला नाही? तू म्हणायचास तुझं घर गावात नाही, घर तिथे घमेलं. मी म्हणायचो, मग माझी माती काय वाईट आहे. तू म्हणायचास, तुझ्या मातीत तूरडाळीचा कोंडा असेल. हसून हसून दोघांना ठसका लागायचा. पण खरं सांगू, मला ते घमेलं हवं होतं. गमतीत मागत होतो, तरी हवं होतं.

आपण आहुप्याला गेलो होतो तेव्हाचंही आठवतंय. देवराईतून फिरून कड्यावर आलो. खाली कोकण, धुकं वर चढत होतं. सगळी माणसं तिथे करतात तेच मी केलं, दगड उचलला खाली टाकायला. तू माझं मनगट धरलंस. "खाली कोण हाय ते ठावं हाय का?" मी म्हटलं, एवढ्या खोल दरीत कोण असणार? तू म्हणालास, तेच तर विचारतोय. मी दगड खाली ठेवला आणि परत येईपर्यंत तुझ्यावर फुगून बसलो. असा माणूस होतास तू. आपल्या हातून सुटलेली वस्तू शेवटी कुठे जाऊन पडते, याची काळजी करणारा. माझ्या घरात मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपतात, त्या घरातला मी, आणि तरीही ही काळजी मला बंदुकीच्या माणसाने शिकवली याचा मला अभिमान आहे. आमच्या जैन मुनिमहाराजांनाही मी हे सांगितलंय. ते हसले.

तर आता मुद्द्यावर येतो. दशक्रिया झाली, तेरावा झाला, आणि गावात तयारी सुरू झाली ती धोंड्याची. तुझा मोठा फोटो तयार केला, धोंड्याशेजारी लावायला. मी माझी ती भोकाची गोणी काढली. दुकानात खिळ्याला लावलेली असते, गिऱ्हाइकं विचारतात आणि मी चहा पाजून सगळी गोष्ट सांगतो. ती घेऊन शेअर जीपमध्ये बसलो आणि तडक गुलाबतात्यांच्या ओट्यावर. भांडायचं ठरवूनच गेलो होतो. गोणी उलगडायला लागलो तर तात्यांनी हात वर केला.

"ती नको दावूस शेठ. माझी मी राखलीया." आणि कणगीमागून स्वतःची गोणी काढली, मांडीला भोक असलेली. दहा वर्षं नीट घडी घालून ठेवलेली.

मी विचारलं, मग तात्या, माईकवर असं कसं बोललात? म्हातारा खाली बघत राहिला. म्हणाला, माईक हातात आला, रडू आवरेना, मेजरबद्दल मोठ्यातलं मोठं काय बोलावं ते सुचेना, तर तेच तोंडात आलं. मग मी म्हटलं, आता शब्द फिरवा. तात्या म्हणाले, "चार गावांत सबूद गेलाय शेठ. मेलेल्या मान्साच्या मानाला बोललेला. आता मी मागं घेतला तर लोक म्हणतील मेजर गेल्यावर बी ह्यानं वैर धरलं." मी पुष्कळ बोललो. तात्यांनी मला गूळपाणी दिलं आणि मान हलवत राहिले. त्यांचीही अडचण खरी होती, हे मला परतताना जीपमध्ये कळलं, आणि त्यामुळे जास्तच हताश वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी मी तुझ्या घरी गेलो. जाणार नव्हतो. घरात वर्षभर सण नाही, दाराला तोरण नाही, आणि गावात कुणी चाळण लावलेली दिसेना, कारण भरावाचं कामच नव्हतं यंदा. मनात म्हटलं वहिनींजवळ बसावं आणि तिकडे फिरकू नये. पण तुझ्या अंगणात चाळण लावलेली होती. सुमनवहिनी एकट्या माती चाळत होत्या, डोक्यावरचा पदर घट्ट, हात मातीने भरलेले. खडे बाजूला काढून ठेवले होते, पार ज्वारीच्या दाण्याएवढेसुद्धा.

मी म्हटलं वहिनी, हे काय, तुमच्याकडे सण नाही. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं न्हाई. आमच्या दारातनं घमेलं निघायचं न्हाई, रीतच हाय तशी. पण तुमी सुतकातलं न्हाई." त्यांनी घमेलं भरलं, माती वरून हाताने सारखी केली, आणि घरात जाऊन तुझा तो पांढरा चष्मा आणला. पदराने पुसून मातीवर ठेवला. "तुमी मागत व्हता ना वो भाऊजी इतकी वरसं? न्या."

वहिनींनी जुन्या लुगड्याची चुंबळ करून माझ्या डोक्यावर ठेवली आणि घमेलं उचलून दिलं.

बबन, माझं वय काढ, पोट काढ, पांढरा झब्बा काढ, आणि डोक्यावर मातीचं घमेलं घेऊन मी तुझ्या गावातून चाललोय हे डोळ्यांपुढे आण. चाळणीतून निघालेली बारीक माती कानामागून मानेत उतरत होती. लोक ओट्यांवर सणाचे कपडे घालून बसले होते. पहिल्यांदा कुणी हसलं. मग कुणीतरी चष्मा ओळखला, आणि हसू थांबलं. मी मान वळवू शकत नव्हतो, म्हणून मागे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. फक्त चाळणी आपटल्याचे आवाज येऊ लागले, एका अंगणातून, मग पलीकडच्या.

शिवेवर सगळी तयारी झालेली. धोंड्याला ताजा शेंदूर, माथ्यावर नारळ, शेजारी फोटोत तू. चार गावचे पाव्हणे, अर्धगोल करून, पोरं खांद्यावर. तात्यांच्या हातात बंदूक, यंदा नेम त्यांनीच धरायचा होता. मी कुणाकडे न बघता भरावाकडे गेलो. पावसाने तो पार खचला होता, वर गवत आलं होतं. मी घमेलं उतरवलं, चष्मा काढून हातात घेतला आणि माती ओतली.

मागे वळलो तर वाटेवर रांग होती. बाया घमेली घेऊन येत होत्या. पुढे म्हादूची बायको, तिची सासू आता नाही.

तात्या बंदूक घेऊन माझ्याकडे चालत आले. माझ्या हातातला चष्मा त्यांनी बघितला, ओतलेली माती बघितली. मग पाव्हण्यांकडे वळून, माईकशिवाय, म्हाताऱ्या पण मोकळ्या आवाजात म्हणाले, "मेजरच्या घरची माती आलीया. ती आल्यावर धोंड्यावं नारळ फोडायचा कसा? मान त्याचा, तर जागा बी त्याची. चला, समदी माझ्या पाठीमागं या."

माणसं हलली, पोरं खांद्यावरून उतरली. माती पडत गेली, भराव उंच झाला, नारळ दोरीला लागला. तात्यांनी तुझा चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांच्या कानांना तो सैल होता, म्हणून म्हादूने मागून सुतळीने बांधला. नेम धरायला त्यांना जरा वेळ लागला, पण थांबले, श्वास सोडला, पुन्हा धरला. तू शिकवलं होतंस तसं. नारळ फुटला.

आणि मागून धप्प.

अरे, काय आवाज होता तो. एवढी वर्षं मी त्याला नावं ठेवली. काल तो ऐकला आणि माझे डोळे भरून आले, आणि छाती अशी फुगली की तू असतास तर झब्ब्याचं बटण तुटलं म्हणाला असतास. शिवेवर तीनेकशे माणसं, आणि एकानेही खांदे आक्रसले नाहीत, एकानेही पोराच्या डोक्यावर हात धरला नाही, कारण गरजच नव्हती. गावाने हे तुझ्यामागे, तू नसताना केलं. या भांडणात तू जिंकलास. घमेल्याच्या भांडणात मात्र मी.

लोक सोनं वाटायला लागले तरी तात्या कुदळ घेऊन भरावापाशी गेले. मी म्हटलं तात्या, राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही. गुडघे टेकून, हाताने माती बाजूला करत राहिले. ताजी माती, मऊ, चाळलेली. शेवटी मूठभर मातीतून गोळी निघाली, चपटी झालेली, पण अखंड. धोतराला पुसून त्यांनी ती वर धरली आणि सगळ्यांना दाखवली. मग माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटली.

मी तशीच मूठ मिटून तुझ्या घरी गेलो. वहिनी उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. आवाज तिथवर ऐकू आला होता का, मला माहीत नाही, पण त्यांनी हात पुढे केला.

बबन, तुझ्यामागे सुटलेली पहिली गोळी काल घरी पोचली.